रॉयल पायथन पेटीत चावते, बाहेर मात्र शांत असते. हा स्वभाव समजावा का?

प्रश्न

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलाच्या हट्टापायी दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाकडून तीन वर्षांची रॉयल पायथन (अजगराची एक लहान जात) मादी घरी आणली. मुलगा बारा वर्षांचा आहे. तिचे वजन सव्वा किलो आहे आणि दर दहा दिवसांनी आम्ही तिला गोठवलेला उंदीर वितळवून देतो. बाहेर काढली की ती मुलाच्या मनगटाभोवती वेटोळे घालून अर्धा तास स्वस्थ बसते. पण पेटीचे दार सरकवले की डोके लपण्याच्या जागेच्या तोंडाशी आणते, मान आखडून घेते आणि जीभ भराभर आत-बाहेर करू लागते. गेल्या बुधवारी खाण्यासाठी उंदीर बाहेर काढून ठेवला होता, तेवढ्यात मुलाने पाण्याचे भांडे बदलायला हात आत घातला. तिने त्याचा अंगठा बुंध्याशी पकडला, सोडला नाही आणि वर हाताला विळखा घातला. आम्ही घाबरून तिला ओढून काढले. दोन अर्धगोल रेषांत बारीक टोचल्याच्या खुणा उमटल्या आणि रक्तही बरेच आले. मुलगा तिला परत द्यायला तयार नाही, माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. काय करावे?

पहिला प्रतिसाद

मी अकरा वर्षे रॉयल पायथन पाळत आहे, त्यामुळे आधी धीर देतो: तुमची मादी रागीट नाही, तिची गफलत झाली. सापाचे चावे दोन प्रकारचे असतात. घाबरलेला साप क्षणात चावून लगेच सोडतो, कारण त्याला तुम्ही फक्त दूर जायला हवे असता. भक्ष्य समजून चावलेला साप धरून ठेवतो आणि विळखा घालतो. तुम्ही वर्णन केलेला चावा उघडच दुसऱ्या प्रकारचा आहे. या जातीच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. खोलीत उंदराचा वास पसरलेला असताना पेटीत आलेला उबदार हात तिला कसा दिसला असेल, याची कल्पना करा.

तेव्हा दार उघडले म्हणजे खाणे आले, ही तिची सवय आधी मोडायला हवी. हात घालण्यापूर्वी आखूड हुकाने किंवा कागदाच्या गुंडाळीने तिच्या अंगाच्या मध्यभागी हलकेच, पण जाणवेल असा स्पर्श करा. आखडलेली मान सैल पडली आणि जिभेची गती मंदावली, की बाजूने हात नेऊन मध्यभागी उचला. वरून झेप घेणारा हात तिला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, म्हणून तो टाळा. खाण्याच्या दिवशी मात्र हा स्पर्श मुळीच करू नका आणि उंदीर नेहमी लांब चिमट्यानेच द्या. उंदराला हात लागला असेल, तर साबणाने धुतल्याशिवाय पेटीजवळ जाऊ नका. खाऊ घालण्यासाठी तिला वेगळ्या डब्यात नेण्याचा सल्ला अनेक जण देतील, पण मला तो पटत नाही, कारण नुकत्याच खाल्लेल्या, अजून भक्ष्याच्या तंद्रीत असलेल्या सापाला उचलून परत ठेवावे लागते आणि नेमके तेव्हाच चावे बसतात. खाल्ल्यानंतर दोन दिवस तिला हात लावू नये, नाहीतर ती खाल्लेले ओकूनही टाकते.

पुन्हा पकडलेच, तर ओढू नका. दात आत वळलेले असतात. ओढल्याने जखम फाटते आणि दात तुटून आत राहतात. शेपटीकडून विळखा सोडवत जा, डोक्यावर थंड पाण्याची धार सोडा आणि डोके हाताच्या दिशेने किंचित पुढे ढकला, म्हणजे दात सुटतात. जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. साप बिनविषारी असल्याने विषाची चिंता नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व मान्य आहे, पण पेटीकडेही पाहा. उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ च्या आसपास तापमान हवे. दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसेल अशी लपण्याची जागा हवी. उघड्यावर पडलेल्या रॉयल पायथनला सतत धास्ती वाटते आणि ती चाव्यातून बाहेर पडते. डोळे दुधाळ निळसर झाले, तर कात टाकण्याची वेळ आली आहे असे समजून तिला एकटी सोडा, कारण त्या दिवसांत तिला नीट दिसत नाही. खवल्यांखाली गोचिडी किंवा तोंडात सूज दिसली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांकडे न्या.

तिसरा प्रतिसाद

मी सांगलीकडे सर्पमित्र म्हणून काम करतो. पाळीव सापांचा अनुभव मला नाही, पण स्वभावाबद्दल एक सांगावेसे वाटते. आमच्याकडची दिवड बिनविषारी असूनही हाती लागताच कडकडून चावते, तर धामण कधी चावते, कधी नुसती निसटू पाहते. एकाच विहिरीतून काढलेल्या दोन दिवडी मी निरनिराळ्या वागताना पाहिल्या आहेत. म्हणून जातीवरून अंदाज बांधावा, खात्री बाळगू नये.

भारतातील वाचकांना मात्र कळकळीची विनंती आहे की, हे वाचून कोणी शेतातला साप घरी ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर विदेशी अजगरांचीही नोंदणी करावी लागते. शिवाय बिनविषारी दुरक्या घोणस समजून विषारी घोणशीचे पिल्लू हाताळणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे चूक अंगठ्यावर भागत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तापमान मोजले, तर उबदार टोकाला जेमतेम २७ अंश निघाले आणि लपण्याची जागाही एकच होती. दोन्ही काल दुरुस्त केले. आज सकाळी मुलाने कागदाच्या गुंडाळीने तिला दोनदा स्पर्श केला, तेव्हा तिने मान मागे घेतली, थोडा वेळ थांबली आणि हळूहळू वेटोळे सैल केले. आम्ही उचलले नाही, फक्त पाण्याचे भांडे बदलले. पुढचा उंदीर शनिवारी आहे आणि चिमटा मी स्वतः धरणार आहे.

पहिला प्रतिसाद देणारे

चिमटा निदान ३० सेंटीमीटरचा घ्या, आणि उंदीर तिच्या डोक्यासमोर न धरता थोडा बाजूला धरा.