सेकंडहँड फायबर होडी घेताना
दादा, तुम्ही सेकंडहँड फायबर होडी बघताय ना, तर रंगाला भुलू नका, मागे जिथे आऊटबोर्ड मशीन (बाहेरून लावायचं इंजिन) बसतं ती फळी आधी ठोकून बघा, आवाज बद्द आला तर आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलंय समजा आणि सरळ सोडा. मशीन खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी 10 मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा, नाहीतर आत मीठ धरतं, पाण्याची वाट बंद होते आणि मशीन तापतं, आमचं पहिलं मशीन असंच गेलं. किल स्विच म्हणजे दोरी ओढली गेली की मशीन बंद करणारं बटण, त्याची दोरी मनगटाला बांधाच, नाहीतर माणूस पडला तरी होडी पुढे जात राहते हो! आणि ओहोटीला समोरून वारा असेल तर खाडीच्या मुखात लाटा उभ्या राहतात, भरती लागेपर्यंत आतच थांबा.