रात्रीच्या लढाईत रंगीत बाण खरंच भरवशाचे होते का?

खंदकवेडा: पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की टेलिफोन आणि वायरलेसचं कौतुक सुरू होतं. माझ्या मते पश्चिम आघाडीवर रात्री पायदळाला तारलं ते रंगीत बाणांनी, म्हणजे आभाळात उडवायच्या इशाऱ्याच्या रॉकेटांनी. मारा सुरू झाला की फोनच्या तारा आधी तुटायच्या आणि निरोप्या पोचेपर्यंत शत्रू खंदकात. ब्रिटिशांचा एसओएस, म्हणजे मदतीच्या हाकेचा बाण, बघा. मागच्या तोफा आपल्या खंदकापुढच्या पट्ट्यावर आधीच नेम धरून ठेवलेल्या. ठरलेला रंग आभाळात दिसला की मारा सुरू. विचारपूस नाही, काही नाही.

गोलंदाज: आणि रंग चुकीचा दिसला तर? जर्मनही रात्रभर तऱ्हेतऱ्हेचे रंग उडवायचे. मागे पहाऱ्यावरच्या माणसाने आपला कुठला, त्यांचा कुठला, हे ओळखायचं कसं? म्हणून संकेत सारखे बदलत. नवा संकेत एखाद्या तुकडीला कळलाच नाही, तर बोंबला! शिवाय 21 मार्च 1918 कसं विसरता? पहाटे दाट धुकं, जर्मनांची प्रचंड चढाई, आणि बाण उडाले तरी मागे दिसेनात.

खंदकवेडा: त्या सकाळी ताराही तुटल्याच होत्या की! धुक्याचं पाप बाणाच्या माथी कशाला?

दर्यावर्दी: तुम्ही दोघं जमिनीवरच अडकलात. आरमारात हे कधीच सुरू झालं होतं. अमेरिकेत मार्था कॉस्टनने दिवंगत नवऱ्याच्या अर्धवट टिपणांवरून वर्षानुवर्षं खपून लाल, पांढरी, हिरवी ज्योत सिद्ध केली. 1859 चं पेटंट मात्र शोधक म्हणून नवऱ्याच्याच नावावर! रंगांच्या क्रमाने आकडा, आकड्यावरून संकेतपुस्तकातला निरोप. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं अडवून बसलेल्या, म्हणजे नाकेबंदीवरच्या, उत्तरेच्या जहाजांनी हे भरपूर वापरलं. रंगीत ज्योत उडवणारं व्हेरीचं पिस्तूल आलं 1877 मध्ये, पण नाव त्याचंच झालं.

खंदकवेडा: जहाजावर पुस्तक उघडायला सवड असते. खंदकात "धावा" एवढंच सांगायचं असतं, आणि तेवढ्याला बाण पुरतो.

गोलंदाज: दर्यावर्दी, नाकेबंदीचा दाखला तुमच्यावरच उलटतो. नाकेबंदी चुकवून पळणारं जहाज दिसलं की उत्तरेची जहाजं त्याच्या दिशेने रॉकेट सोडून इतरांना इशारा देत. दक्षिणेचा कप्तान जॉन विल्किन्सन याने न्यूयॉर्कहूनच तशी रॉकेटं मागवली, आपल्या मार्गाच्या काटकोनात उडवली आणि पाठलाग करणाऱ्यांना भलतीकडे पिटाळलं. सांगा आता, भरवसा कुणाचा?