अनुभव धागा: गोधडी, स्वेटर, क्रोशा. कसं करता तेही लिहा

आजीच्या गोधडीच्या उबेवर आपण सगळेच भरभरून लिहितो. पण तिच्या पोटात काय होतं, थर किती, टाका कुठून सुरू केला, हे फारसं कुणी लिहीत नाही. ज्यांच्या हातात ही कला होती त्यांनी ती कधी कागदावर उतरवली नाही, आणि विचारायला त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. म्हणून हा धागा. आठवणी लिहाच, पण कृतीसकट लिहा.

सुरुवात मी करते. आमचं सासर जुन्नर तालुक्यातलं. सासूबाई पोटात सुती नऊवारी घालायच्या. तिच्या चार घड्या केल्या की साधारण साडेसहा फूट लांबीचे चार थर मिळतात, एका माणसाची गोधडी तेवढ्यात होते. विरलेल्या जागी आधीच ठिगळ टाचायचं. वरून आणि खालून जरा धडसं कापड. सगळं ओसरीवर अंथरून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असं काहीतरी जड ठेवायचं आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्यायच्या. मग लांब लांब कच्चे टाके. ते टाळले तर आतलं कापड शिवताना सरकतं आणि पहिल्या धुण्यात गोळा होतं.

धावदोरा बाहेरच्या कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घालत आत यायचं. उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की टाका सगळ्या थरांतून गेला हे कळतं. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. त्याहून जास्त झालं की सासूबाई उसवायला लावायच्या, कारण घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जायच्या, आणि विरळ टाक्याची गोधडी खडकावरच्या आपटण्यात टिकत नाही.

सिंथेटिक साडी पोटात घालू नका. ती घसरते आणि घामही टिपत नाही.

धारवाडहून

आमच्याकडे हिला कौदी म्हणतात. हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या) बायकांचं काम जमलं तर नक्की पाहा. त्या आधी सगळे तुकडे जुळवून बसत नाहीत. एका कोपऱ्यापासून कडेकडेने शिवत निघतात, वाटेत तुकडा लावत जातात आणि फिरत फिरत मध्यावर पोचतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी तिकोनी फुलं लावतात. फुलांवाचून कौदी त्यांना अपुरी वाटते. मी त्यांचं बघून तसं शिवू लागले. रंग आधी ठरवलेला नसतो, त्यामुळे पुढच्या तुकड्याची उत्सुकता शेवटपर्यंत राहते.

पुण्याहून, विणकामाबद्दल

नवशिक्यांसाठी लिहिते. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ८ म्हणजे चार. बाळाच्या स्वेटरची पट्टी १२ वर आणि अंग १० वर घेतलं की पट्टी अंगाला धरून बसते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून बंद गळा न करता खांद्यावर बटणं ठेवा. मोज्यांना जाळीची वीण घेऊ नका, बाळाची बोटं अडकतात. टोपरं आणि मोजे साध्या सुलट-उलट विणीत सगळ्यात छान दिसतात, हे माझं ठाम मत.

टाका निसटून खाली गेला तर घाबरून सगळं उसवायचं नाही. क्रोशाची सुई त्या सुटलेल्या घरात, म्हणजे टाक्याच्या फासात, घाला. वर आडव्या दोऱ्यांची शिडी दिसेल. एकेक आडवा दोरा ओढून घेत वर या आणि घर पुन्हा सुईवर चढवा.

नागपूरहून

मला दुसऱ्याच विषयावर बोलायचंय. "लोकरीचे पैसे देते, एक बाळंतविडा करून दे ना" असं ओळखीतल्या बायका सहज म्हणतात. कुंची, झबलं, मोजे, दुपटं, सगळं! लोकर हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. डोळे, मान, दुपारची झोप यांची किंमत कुणी धरत नाही. प्रेमाने द्यायचं तिथे मी आनंदाने फुकट देते, पण मागून घेणाऱ्यांना आता मजुरी स्पष्ट सांगते. मुलींनो, तुम्हीही सांगा.

न्यू जर्सीहून

इथल्या क्विल्टमध्ये दोन कापडांच्या मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा जाड थर असतो. आपल्या गोधडीत नुसते कापडावर कापड. घरात हीटर चालू असताना मला आपलीच बरी वाटते. नवऱ्याचे जुने सुती शर्ट आणि आईच्या साड्या मिळून मी मशीनवर शिवते.

अलाबामातल्या जीज बेंड गावाबद्दल जरूर वाचा. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावर घालून विरलेल्या कपड्यांच्या क्विल्ट शिवल्या, घरात थंडी शिरू नये म्हणून. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, नंतर ते न्यूयॉर्कलाही गेलं. गुडघ्यावर फिकट पडलेली डेनिम तशीच लावलेली दिसते. आपल्या वाकळींनाही कुणीतरी असं भिंतीवर लावून बघायला हवं.

कोल्हापूरहून (आई सांगतेय, मी टाईप करतेय)

आई मोलाने गोधड्या शिवते. तिचं म्हणणं: नवं कापड घालणार असाल तर आधी धुऊन द्या, नाहीतर ते नंतर आटतं आणि गोधडी चुरमुडते. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गाठी पडतात. मेणावरून ओढून घेतला की जाड थरांतून सरळ जातो. जीन्सचे तुकडे हाताच्या शिलाईला देऊ नका, सुई मोडते आणि बोटं सोलतात. दर ठरवताना नुसती लांबी-रुंदी बघू नये, दाट टाक्याला जास्त दिवस लागतात.

नाशिकहून

आजीची वाकळ वरून पूर्ण विरली आहे, आतलं दिसतंय. उसवून नवीन शिवू का? मोडवत नाहीये.

पुन्हा कोल्हापूर

ताई, आई म्हणते उसवू नका. आतलं कापड जुन्या टाक्यांच्या आधारानेच उभं आहे, ते काढले तर हातात चिंध्या येतील. तिलाच पोट धरा. वरून-खालून धुतलेलं मऊ सुती कापड लावा, कडा आत दुमडा आणि कच्चे टाके घालून नव्याने धावदोरा घाला, जरा विरळ चालेल. आमच्या घरी अशी एक आहे, तिच्यावर आतापर्यंत तीन अस्तरं चढलीत. फक्त आधी उन्हात चांगली वाळवून घ्या, ओल राहिली तर आत बुरशी धरते.