मदत हवी आहे: लोकप्रिय गायकांमधला सर्वांत वाईट आवाज (तातडीचे)

रातराणी_७
नमस्कार मंडळी. घाईत आहे म्हणून थेट विचारते. लोकप्रिय गायकांमधला सर्वांत वाईट आवाज या विषयावर परवा दहा मिनिटं बोलायचंय आणि मुद्देच सुचत नाहीयेत. दोन दिवस कानाला हेडफोन लावून बसलेय. एखादं गाणं वाईट म्हणून ऐकायला घ्यावं तर तिसऱ्यांदा ऐकताना ते आवडायलाच लागतं. कृपया ठोस मुद्दे द्या. "आवड आपापली" असं लिहू नका, ते मलाही माहीत आहे, पण त्यावर दहा मिनिटं बोलता येत नाही.

जाझप्रेमी
बॉब डिलन. माझ्यापुरता विषय इथेच संपतो. पहिला अल्बम 1962 चा आहे, तो लावा. विशीतल्या मुलाचा आवाज म्हाताऱ्यासारखा वाटतो, नाकातून येतो, स्वर धरायच्या आत सुटतो. 2016 चं नोबेल मिळालं तेही साहित्याचं, म्हणजे शब्दांसाठी. यावर दहा मिनिटं सहज निघतील. अजून हवा असेल तर लेनर्ड कोहेन घ्या. उतारवयात त्याचा आवाज इतका खाली गेला होता की गातोय की बोलतोय ते कळू नये. तरी कॅनडाचा जुनो पुरस्कार त्याला 1993 साली सर्वोत्तम पुरुष गायक म्हणून मिळाला.

जुनी तबकडी
साता समुद्रापार कशाला जायचं? हिमेश रेशमिया घ्या. 2005-06 मध्ये कुठेही जा, तोच अनुनासिक आवाज कानावर यायचा. आणि लोकप्रिय तर प्रचंड. तुमच्या विषयाला इतका चपखल बसणारा दुसरा सापडायचा नाही.

चिकित्सक
धागाकर्तीने आधी हे सांगावं: बाजूने बोलायचंय की विरोधात? गायक कोणत्या भाषेतले? रेकॉर्ड केलेला आवाज धरायचा की मैफिलीतला? समोर बसलेले लोक गाणं शिकलेले आहेत का? हे कळल्याशिवाय नावं सुचवणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

रातराणी_७
बाजूनेच. हिंदी. रेकॉर्डिंग, दोन-तीन तुकडे वाजवायची मुभा आहे. लोक साधेच, गाणी ऐकणारे, गाणं शिकलेलं कोणी नाही. शेवटी ते हात वर करून मत देतात. आता मुद्दे द्या ना प्लीज.

खर्जसाधक
ताई, वाईट आवाज अशी गोष्टच नसते. न कमावलेला आवाज असतो. पहाटे उठून मंद्र सप्तकातला षड्ज, म्हणजे खर्जातला सा, लावायचा, श्वास पुरेल तितका, घाई करायची नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, मग वाढवत न्यायचं. घसा दुखला तर लगेच थांबायचं आणि नुसती वाफ घ्यायची. मी अकरा वर्षं करतोय. माझा आवाज इतका फाटका होता की घरातले दार लावून घ्यायचे. तुम्ही आज सुरुवात केलीत तरी सहा महिन्यांत फरक जाणवेल.

रातराणी_७
दादा, मला गायचं नाहीये. बोलायचंय. परवा.

मिक्सरवाला
मी गेली अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून सांगतो. इथे तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींना "वाईट आवाज" म्हटलंय. सूर ही एक गोष्ट, म्हणजे स्वर जागेवर लागतो की नाही. पोत ही दुसरी, म्हणजे आवाज घोगरा, नाकातला, पातळ की भरीव. आणि गायकी तिसरी. डिलनचा पोत खरखरीत आहे, पण शब्द कुठे टाकायचा याची त्याची जाण जबरदस्त आहे. रेशमियांचा आवाज नाकातला आहे हे खरं, पण सुराला ते कच्चे आहेत असं मी म्हणणार नाही. तुम्ही नक्की कशावर बोट ठेवणार ते आधी ठरवा. नाहीतर समोरच्याने "वाईट म्हणजे काय" एवढं विचारलं की तुमचं भाषण तिथेच कोसळेल.

आणि चांगल्या आवाजाची व्याख्याही यंत्राबरोबर बदलत आलीय. 1925 साली विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायकाला भोंग्यात आवाज फेकावा लागायचा, त्यामुळे खणखणीत तोच चांगला. मायक्रोफोन आला आणि कुजबुजल्यासारखं गाणारेही मोठे झाले. सैगल यांचं ते जवळ बसून सांगितल्यासारखं गाणं भोंग्यासमोर जमलंच नसतं.

नवा श्रोता
आता तर व्याख्याच उरली नाही. 1997 साली ऑटोट्यून आलं, दुसऱ्याच वर्षी शेर या गायिकेने ते उघडपणे वापरलं आणि तेव्हापासून सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. माझ्या मते सर्वांत वाईट आवाज यंत्राचा.

मिक्सरवाला
ऑटोट्यून सूर दुरुस्त करतं, पोत नाही. फाटका आवाज त्यातून सुरात येतो, पण फाटकाच राहतो. हे रोज हाताळतो म्हणून एवढ्या खात्रीने लिहितोय.

गांधारी
मिक्सरवाल्यांशी अर्धी सहमत. पोत वाईट असं काही नसतंच हो. 1948 मध्ये निर्माते एस. मुखर्जी यांनी लताबाईंचा आवाज फार पातळ म्हणून नाकारला आणि संगीतकार गुलाम हैदर त्यांच्यामागे ठाम उभे राहिले. तलत मेहमूद यांच्या आवाजातला कंप आधी दोष म्हणून कुजबुजला जायचा, संगीतकार अनिल विश्वासांना मात्र नेमका तोच हवा होता. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयाने निकामी झालं तर त्यांनी छोट्या छोट्या स्वरसमूहांची गायकी घडवली. उषा उथुप यांना तर शाळेत गाण्याच्या वर्गात स्थान नव्हतं, आवाज जाड म्हणून. पोत म्हणजे माणसाची चेहरेपट्टी. ती वाईट कशी असेल?

जाझप्रेमी
गांधारीताई, याला अजून एक पुरावा देतो. टॉम वेट्सचा आवाज ऐकलाय का? खडीवरून बैलगाडी गेल्यासारखा. जाहिरातींना तो नकारच द्यायचा, तर अमेरिकेत एका कंपनीने त्याच्या आवाजाची नक्कल करणारा गायक जाहिरातीत वापरला. तो कोर्टात गेला आणि जिंकला, 1992 साली अपील कोर्टानेही ते कायम केलं, भरपाई वीस लाख डॉलरच्या वर. आणि लुई आर्मस्ट्राँग! 1964 मध्ये बासष्टाव्या वर्षी त्याच घोगऱ्या आवाजात त्याने बीटल्सना अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं.

चिकित्सक
जाझप्रेमी, धागा हिंदी गायकांचा आहे. तिने वर लिहिलंय.

रातराणी_७
सगळं छान आहे, माहिती खरंच मोलाची आहे, पण मुकेशबद्दल कोणीच काही सांगत नाहीये.

चिकित्सक
मुकेश? मुकेश कुठून आला?

रातराणी_७
अहो, पाच जण बोलणार आहोत. चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकाला एकेक गायक. मला मुकेश आला. "हाच सर्वांत वाईट आवाज" असं आपापल्या गायकाबद्दल पटवून द्यायचं आणि शेवटी मत. शीर्षकात नाव लिहिलं होतं ना? आत्ता बघितलं, नाहीये. मला लिहिल्यासारखंच वाटत होतं. माफ करा.

जुनी तबकडी
हे आधी सांगितलं असतं तर मी या धाग्यावर आलोच नसतो. फिल्मफेअरचा पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळवणारा पहिला पुरुष गायक कोण? मुकेश. असे एकूण चार. शिवाय "रजनीगंधा"साठी राष्ट्रीय पुरस्कार. 1976 मध्ये परदेशात, कार्यक्रमाच्या दौऱ्यावर असताना गेला माणूस, शेवटपर्यंत गात होता. त्याला वाईट आवाज म्हणायचं? तुम्ही चिठ्ठी परत करा.

गांधारी
तबकडीकाका, पुरस्कारांची यादी हे उत्तर नव्हे. मुकेश कणसूर होतात हे त्यांच्यावर जीव टाकणाऱ्यालाही ऐकू येतं. मला येतं, आणि मी त्यांची गाणी रोज ऐकते.

जुनी तबकडी
बेसूर म्हणायची पद्धत पडलीय म्हणून सगळे म्हणतात. स्वतः पेटीवर तपासून पाहिलंय किती जणांनी?

गांधारी
मी बेसूर म्हटलंच नाही. कणसूर म्हटलं. बेसूर म्हणजे स्वर चुकला. कणसूर म्हणजे स्वर बरोबर, पण केसभर खाली राहिला. ओळीचा शेवटचा स्वर लांबवताना मुकेश अनेकदा तसे उतरतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि रातराणी, तुम्ही भाषणात "बेसूर" हा शब्द वापरलात तर मीही तुमच्या विरोधात हात वर करीन.

खर्जसाधक
कणसूर होण्यावर खर्जासारखा उपाय नाही.

मिक्सरवाला
आता कुठे प्रश्न कळला. रातराणी, पोत सोडा. गांधारी म्हणतात तसं तिथे तुम्ही हरणार, कारण मुकेशचा पोत हीच त्याची कमाई आहे. तो किंचित नाकातला, साधा, बोलता बोलता गायल्यासारखा आवाज ऐकून माणसाला वाटतं की हे मलाही गाता येईल. लोक हात वर करतील ते त्या आठवणीसाठी. तुम्ही बोला पल्ल्यावर, म्हणजे आवाज किती खाली-वर जातो यावर, आणि फिरतीवर, म्हणजे तो स्वरांवरून किती भरभर फिरतो यावर. तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, चढायची वेळ आली की आवाज आक्रसतो. द्रुत हरकती, मुरक्या नाहीतच जवळजवळ. संगीतकारही ते ओळखून चाली सरळ बांधायचे. तानांचं, शास्त्रीय वळणाचं गाणं असलं की ते मन्ना डे किंवा रफींकडे जायचं. "एकाच प्रकारचं गाणं देता येईल असा आवाज" हा मुद्दा मांडा. तो खरा आहे, आणि त्यात अपमान नाही.

नवा श्रोता
पण मग तो गायकीचा मुद्दा झाला, आवाजाचा नाही. तुम्हीच वर तीन कप्पे केले होते.

मिक्सरवाला
पल्ला हा आवाजाचाच गुण आहे. फिरतीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ती सरावाने येते. मग रातराणी, पल्ला आधी घ्या आणि फिरतीला एखादं मिनिट द्या.

रातराणी_७
हे पहिलंच उत्तर आहे ज्यावर मला काही लिहून काढता आलं. खरं सांगते, अडले होते ते मुद्द्यांमुळे नाही. समोर माझे सासरे बसणार आहेत. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी ते मुकेशची गाणी गुणगुणतात, त्यांचा स्वतःचा आवाजही तसाच, शेवटच्या स्वराला जरा खाली येणारा. त्यांच्यासमोर उभं राहून "सर्वांत वाईट" कसं म्हणू, हे सुचत नव्हतं. मर्यादा म्हणता येईल.

एक तुकडा वाजवायचाय. कोणता?

गांधारी
द्वंद्वगीत घ्या. एकच ओळ दोघांनी गायलेली असेल असं. वेगवेगळ्या गाण्यांची तुलना केलीत तर लोक म्हणतील चाल वेगळी, वाद्यं वेगळी. एक अडचण सांगून ठेवते: लताबाईंबरोबर गाताना पट्टी दोघांना सांभाळून ठरवावी लागते, स्त्री आणि पुरुष आवाजाची सोयीची पट्टी एक नसते. त्यामुळे कोणालातरी थोडं अवघड जाणारच. हे प्रामाणिकपणे सांगून टाका, म्हणजे कोणी त्यावरून धरणार नाही.

जुनी तबकडी
राहवत नाही म्हणून लिहितोय. "मिलन" घ्या, 1967 चा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल. त्यातलं श्रावणाचं गाणं. सुरुवातीलाच मुकेश ओळ शिकवतो आणि लता ती मागून म्हणते. उच्चार चुकला की तो थांबवून सुधारतो. एकच ओळ, दोन गळे, लागोपाठ. तुम्हाला हवी तशी तुलना याहून स्वच्छ कुठे मिळणार नाही. पण सगळा प्रसंग लावा, मधूनच कापू नका. त्यात गुरू मुकेश आहे हे लोकांना ऐकू द्या.

गांधारी
काका, हे फारच छान सुचवलंत.

जाझप्रेमी
मी अजूनही म्हणतो, डिलन घेतला असता तर सोपं गेलं असतं.

चिकित्सक
तिला चिठ्ठीत मुकेश आलाय.

रातराणी_७
काका, ते गाणं आत्ता पाच वेळा ऐकलं. पहिल्यांदा फक्त लताबाईच ऐकू आल्या, तो स्वर कसा अलगद जागेवर बसतो तो. तिसऱ्यांदा मुकेशची ओळ ऐकली. सरळ, जराही नटवलेली नाही, आणि ती आधी तशी आली म्हणून तर पुढची खुलते. पल्ल्याचा मुद्दा त्यात नीट दिसतो, गांधारीताईंचा शेवटच्या स्वराचा मुद्दा मात्र या गाण्यात मला सापडला नाही. कानाची खात्री नाही, म्हणून सासऱ्यांची पेटी आणलीय खाली. पट्टी लावून एकेक ओळ तपासते. कणसूर निघाला तर भाषणात घेईन, नाही निघाला तर तो मुद्दा सोडून देईन.

खर्जसाधक
पेटी काढलीच आहे तर षड्ज धरून बघा.