मदत हवी आहे: हॉर्न वाजत नाही, पण रिलेची टकटक येते (सोलापूर)

धागाकर्ता
2013 ची पेट्रोल हॅचबॅक, दोन हॉर्न, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग. बटण दाबलं की बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधून रिलेचं (बटणाच्या छोट्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच) 'टक्' ऐकू येतं, हॉर्न गप्प. 15 अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. हॉर्नचा प्लग काढून त्याच्या दोन पिनांत मीटर लावला तर बटण दाबल्यावर 12.4 व्होल्ट दिसतात. बंद पडण्याआधी काही आठवडे आवाज बारीक झाला होता. पावसाळ्याआधी पुढच्या भागाचं डेंटिंग-पेंटिंग झालंय. वायरिंगवाला म्हणतोय, दोन्ही हॉर्न आणि क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरलं तरी बटण आणि एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) बदलू. अक्कलकोट रोडला रोजचं जाणं आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, त्यामुळे लवकर निकाल लावायचाय. पण एवढं सगळं खरंच बदलावं लागेल का?

प्रतिसाद १
क्लॉक स्प्रिंगला हात लावू देऊ नका. रिले टक् करतोय म्हणजे बटण, क्लॉक स्प्रिंग आणि रिलेची कॉइल (आतले काँटॅक्ट ओढून जोडणारा चुंबक) तिन्ही ठीक. क्लॉक स्प्रिंग तुटली असती तर रिले गप्प राहिला असता, बहुधा एअरबॅगचा दिवाही लागला असता.

तुमच्या 12.4 वर मात्र विश्वास ठेवू नका. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली किंवा अर्थ (करंट परत जाण्यासाठी हॉर्नची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली असते तो जोड) गंजलेला असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. एका हॉर्नला 3 ते 5 अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट मागितला की खरं काय ते कळतं. म्हणून प्लगमध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून बघा. लख्ख पेटला तर दोष हॉर्नमध्ये, मिणमिणला तर वायरिंगमध्ये. एलईडीवाला टेस्टर इथे कामाचा नाही, तोही मीटरसारखाच फसवतो.

मग प्लग परत जोडा, दुसऱ्याला बटण दाबायला सांगा आणि तीन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या दोन टोकांत, हॉर्नच्या दोन पिनांत (प्लगच्या मागून सुई घालून), आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून हॉर्नच्या अर्थ पिनपर्यंत. शेवटचा आकडा 0.5 च्या वर गेला की अर्थ खराब समजा. बटण एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. न वाजणाऱ्या हॉर्नचे पॉइंट (आतले उघडझाप करणारे काँटॅक्ट) चिकटलेले असले तर कॉइल तापते.

प्रतिसाद २
कॉइल ठीक म्हणजे रिले ठीक, असं नाही हं. टक् होतं पण आतले काँटॅक्ट जळालेले असतात, हे नेहमीचंच. त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा, मिनिटाचं काम आहे. तसा मिळाला नाही तर रिले काढून सॉकेटमधल्या 30 आणि 87 या खाचा 15 अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरीने क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर रिले बदला. 85-86 मध्ये वायर घालू नका, त्या कॉइलच्या खाचा आहेत.

प्रतिसाद ३
डेंटिंग-पेंटिंगचं वाचलं आणि शंका तिथेच गेली. दोन्ही हॉर्न एकाच वेळी जळणं दुर्मीळ. दोघांना सामायिक काय आहे ते आधी बघायचं. बऱ्याच गाड्यांत दोन्हींच्या काळ्या वायरी रेडिएटरपुढच्या पत्र्यावर एकाच बोल्टला असतात. रंगवल्यावर तोच बोल्ट रंगावरून आवळला की अर्थ अर्धवट लागतो, आणि पावसात गंज धरला की संपला. आवाज आधी बारीक होऊन मग बंद पडणंही त्याच्याशी जुळतं.

धागाकर्ता
रिले बदलून फरक नाही. बल्ब मिणमिणला. बटण दाबून आकडे: बॅटरी 12.4, हॉर्नच्या पिनांत 2.9, अर्थकडे 9.1.

प्रतिसाद १
2.9 आणि 9.1 मिळून 12. उरलेले 0.4 पॉझिटिव्ह वायर आणि रिलेत, तेवढं चालतं. 9.1 व्होल्ट अर्थ एकटा खातोय. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, बोल्ट सोडा, आयलेट (वायरीच्या टोकाची कडी) आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यावरच.

धागाकर्ता
बोल्टखाली रंग आणि गंज दोन्ही निघाले. आता अर्थकडे 0.2. एक हॉर्न खणखणीत वाजतो, दुसरा नुसता टक् करतो. तो बदलू का?

प्रतिसाद २
आधी पॉइंट ॲडजस्ट करून बघा. पाठीमागचा छोटा स्क्रू, बहुधा लाखेने बंद केलेला. मूळ जागेवर खूण करा, एकावेळी एक अष्टमांश वळसा फिरवा आणि क्षणभर वाजवा. एका बाजूने जमेना तर खुणेवर आणून दुसऱ्या बाजूने. सूर लागला तरी मीटरवर करंट 5 अँपिअरच्या आसपासच हवा. जास्त ओढत असेल तर पॉइंट लवकर जळतात. अर्ध्या वळशात काहीच झालं नाही तर आत गंजलाय, तो एकच बदला, त्याच टोनचा. बसवताना तोंड खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि पट्टी गाडीचीच वापरा. हॉर्न थेट पत्र्याला आवळला तर आवाज दबतो.

प्रतिसाद ३
आणि कुणी मोठे हॉर्न सुचवले तर वेगळा 30 अँपिअरचा रिले आणि बॅटरीपासून फ्यूजसकट वेगळी वायर घेतल्याशिवाय नको. जुन्याच वायरीवर 15 च्या जागी 30 चा फ्यूज म्हणजे वायरच फ्यूज होते. वेगवेगळे सूर काढणारा मल्टिटोन तर नियमातच बसत नाही.