शब्दचर्चा : नकाशातले ‘आणा’, ‘साखळी’, ‘प्रमाण’ आणि ‘पातळी’

शिंपला : बोरिवलीकडच्या एका जुन्या टिपणाचं (जमीनमोजणीच्या हाती काढलेल्या कच्च्या आकृतीचं) इंग्रजी भाषांतर करायचं आहे. बांधाला लागून ‘7 सा. 4 आ.’ असं लिहिलंय. सा. म्हणजे साखळी, जमीन मोजायची, हे कळलं. आणा मात्र कोशात रुपयाचा सोळावा भाग म्हणूनच सापडतो. इथे काय अर्थ घ्यायचा? आणि टिपणाला ‘मॅप’ म्हटलं तर चालेल का?

पट्टीवाला : इथेही सोळावा भागच, फक्त रुपयाऐवजी साखळीचा. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे 16. एक आणा म्हणजे 2 फूट पाऊण इंच. तुमचा बांध सव्वासात साखळ्यांचा, म्हणजे 239 फूट 3 इंच; मीटरमध्ये 72.9.

खरी डोकेदुखी पुढे आहे. आणा क्षेत्रातही येतो. 33 बाय 33 फूट म्हणजे 1 गुंठा, 1089 चौरस फूट. त्याचा सोळावा हिस्सा, साधारण 68 चौरस फूट, हाही आणाच. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी आखली की तिचं क्षेत्र बरोबर एक आणा भरतं, म्हणून दोन्हीकडे तोच शब्द चालून गेला. बांधाशेजारी आला तर लांबी, एकर-गुंठ्यांच्या पाठीमागे आला तर क्षेत्र.

‘मॅप’ नका म्हणू. नकाशा प्रमाणात काढलेला असतो, टिपण नसतं. टिपणात आकृती हाताने अंदाजे काढतात आणि खरी मापं आकड्यांत लिहितात. त्यामुळे टिपणावर पट्टी ठेवून अंतर काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आधी मधली आधाररेषा प्रमाणात आखायची, मग तिच्यावर सांगितलेल्या अंतरांवर काटकोनात लंब टाकायचे आणि लंबांची टोकं जोडायची. एखादा लंब डावीकडचा उजवीकडे पडला, तर आकृती तरीही बंद होते, दिसायलाही ठीक दिसते. म्हणून शेवटी बांधाची आखलेली लांबी लिहिलेल्या लांबीशी ताडून बघायचीच. भाषांतरात ‘फील्ड स्केच’ म्हणा आणि ‘प्रमाणात नाही’ अशी टीप द्या.

गलबत : पट्टीवाले, एक पुरवणी. भाषांतरात नुसतं ‘चेन’ लिहिलं तर वाचणारा 66 फुटांची समजेल. ती एडमंड गंटरची, 1620 च्या सुमाराची, 100 कड्यांची. तिचे 10 चौरस म्हणजे एकर. आपल्या साखळीचे 40 चौरस लागतात. गल्लत झाली की क्षेत्र थेट चौपट! शिवाय विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासला त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली ती तिसऱ्याच साखळीने : 100 फूट लांब, अडीच-अडीच फुटांचे 40 पोलादी दांडे. म्हणून पहिल्या उल्लेखालाच ‘33 फुटांची साखळी’ असं लिहून टाकावं.

पट्टीवाला : अगदी. कोणती साखळी ते कळत नसेल तर कागदावरचं क्षेत्र घेऊन गुणाकार करून बघावा. 33 ने जुळतं की 66 ने, लगेच समजतं.

मात्र काटेकोर जुळणीची अपेक्षा ठेवू नका. साखळी ओढून ओढून तिच्या कड्या उघडतात आणि ती लांबते. लांबलेल्या साखळीने अंतर *कमी* भरतं, इथे बरेच जण उलट समजतात. 33 फुटांत एक इंच वाढ झाली तर लांबीत पाव टक्का आणि क्षेत्रात अर्धा टक्का घट. एकरामागे तीन आण्यांहून थोडं जास्त, म्हणजे 220 चौरस फूट. मुंबईत तेवढ्यात एक बिऱ्हाड राहतं.

शिंपला : आभार! त्याच फाइलीत सिटी सर्व्हेचा 1:500 चा नकाशाही आहे. सोबतच्या पत्रात त्याला ‘लहान नकाशा’ आणि 1:50,000 च्या टोपोशीटला (भूभागाची ठेवण दाखवणाऱ्या सरकारी नकाशाला) ‘मोठ्या प्रमाणाचा नकाशा’ म्हटलंय. बरोबर आहे का?

भूगोलमास्तर : उलटं आहे. प्रमाण हा अपूर्णांक. पाचशेवा भाग पन्नास हजाराव्या भागापेक्षा मोठा, म्हणून 1:500 हा बृहत् प्रमाण आणि 1:50,000 हा लघु प्रमाण नकाशा. दहा मीटर रुंदीची गल्ली पहिल्यावर 2 सेंटीमीटर येते, दुसऱ्यावर 0.2 मिलिमीटर, तिथे रस्ता खुणेने दाखवतात, रुंदी मोजायची नसते. बोलताना ‘मोठा’ म्हणजे जास्त मुलूख दाखवणारा असं लोक धरतात, त्यातून हा घोळ. लेखनात सरळ ‘1:500 चा नकाशा’ म्हणावं.

आणि नकाशा झेरॉक्स असेल तर अंकप्रमाणावर, म्हणजे आकड्यांत लिहिलेल्या प्रमाणावर, विसंबू नका. 94 टक्क्यांवर छापला गेला की 1 सेंटीमीटरला 5 ऐवजी 5.32 मीटर होतात, वर मात्र 1:500 तसंच दिसत राहतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर आखलेली अंतराची पट्टी, नकाशाबरोबरच आकसतं, म्हणून ते खरं राहतं.

टोपोशीटला मराठीत स्थलनिर्देशक नकाशा. मुंबईची एक गैरसोय : 19 अंशांची अक्षवृत्त रेषा शहरातूनच जाते. दादर, वांद्रे 47 ए/16 क्रमांकाच्या पत्रकावर, तर गिरगाव, कुलाबा 47 बी/13 वर. जुन्या पद्धतीच्या मालिकेत एकच पत्रक घेतलं तर अर्धं शहर हाती येतं.

गलबत : पातळीबद्दलही लिहाच कुणीतरी. दर पावसाळ्यात बातमी येते, ‘समुद्रात 4.8 मीटर उंचीच्या लाटा’. अहो, ती लाट नव्हे, भरतीची उंची! तीही सरासरी समुद्रसपाटीपासून नाही, सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजलेली. हे शून्य साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीला धरतात, कारण खलाशाला किमान पाणी किती मिळेल ते हवं असतं. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे 4.8 ची भरती सपाटीपासून 2.3 मीटरच.

पट्टीवाला : पालिकेच्या कागदांत तिसरं शून्य भेटतं, टाऊन हॉल डेटम (डेटम म्हणजे उंची मोजायची शून्य पातळी). त्यावर समुद्रसपाटीचाच आकडा वीस मीटरच्या वर येतो. नाल्याच्या तळाची पातळी 25 मीटर वाचून ‘टेकडीवरचा नाला’ म्हणू नये! कोणताही तलांक (पातळीचा आकडा) उतरवताना कोणत्या डेटमवरचा ते सोबत लिहायचं.

शिंपला : सागरी नकाशाच्या शून्याला मराठी शब्द आहे? ‘ओहोटीतळ’ कसा वाटतो?

गलबत : ऐकायला छान, पण ओहोटीत उघडा पडणारा तळ असा अर्थ लागेल. पाण्याची खोली मोजायच्या जुन्या फॅदमसाठी ‘वाव’ आहेच, सहा फुटांचा, तो खुशाल वापरा. या शून्याला ‘नीचतम ओहोटी पातळी’ लांबलचक आहे, पण तिचा अर्थ दुसरा लागत नाही.

भूगोलमास्तर : बातमीत तेवढं लांब छापणार नाहीत. ‘4.8 मीटरची भरती’ पुरे. फक्त ‘लाटा’ काढा.