मदत हवी आहे: डिलीट दाबलं की स्क्रीन काळी, बायोस दिसतच नाही

नमस्कार मंडळी, गंगाखेड तालुक्यात एका गावात माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा असली कामं. कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे, आठव्या पिढीचा आय३, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि माझ्याकडं तर रोज लोकांचे आधार, पासबुकं स्कॅन होतात, असं मशीन तसंच चालवायला मन धजत नाही. विंडोज ११ टाकाय गेलो तर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारा भाग) नाही म्हणून अडवायलंय. ते मशीनमधेच असतंय, बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधून) चालू करायचं, इथवर समजलं, पण बायोसच दिसंना.

चालू करताना काहीच नाही दाबलं तर थोडा वेळ स्क्रीन काळी राहती अन् मग सरळ विंडोज येतंय. डिलीट दाबलं की काळीच राहती, पंखा फिरतोय, कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, पण समोर काहीच नाही, मग बटण दाबून बंद करावं लागतंय. फास्ट स्टार्टअप बंद केलं, वायरचा कीबोर्ड मागच्या यूएसबीला लावला, शिफ्ट धरून रीस्टार्ट करून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, म्हणजे विंडोजमधून बायोसमधे जायचा पर्याय, त्यातून पण गेलो, तरी काळीच. बोर्डावरचा सेल, सीआर २०३२, दहा मिनिटं काढून ठेवला तर तारीखच मागं गेली अन् सरकारी साइट उघडंनात, अर्धा तास लोकं ताटकळली, ते वेगळंच. स्क्रीन दोन आहेत, माझी व्हीजीएवर, दुसरी एचडीएमआयवर लोकांकडं तोंड करून, फॉर्म भरताना नाव बरोबर आहे का ते त्यांनीच बघावं म्हणून. परभणीला न्यायचं म्हणलं तर केंद्र दिवसभर बंद राहतंय. कोणाला माहीत असंल तर सांगा.

प्रतिसाद:
दादा, कॅप्स लॉकचा दिवा लागतो म्हणजे मशीन अडकलेलं नाही. बायोस उघडतोय, तुम्हाला दिसत नाही एवढंच. विंडोज येईपर्यंत तुमची स्क्रीन काळी राहते ना, मग सुरुवातीचं चित्र दुसऱ्या स्क्रीनवर जात असणार. विंडोज दोन्हीकडं दाखवतं, बायोस बऱ्याच बोर्डांवर एकाच पोर्टवर दाखवतो. ती लोकांकडची स्क्रीन त्यावेळी चालू असते का? चालू करून बघा, नाहीतर एचडीएमआयची वायर काढून एकाच स्क्रीनवर ट्राय करा. आणि सेल आता परत काढू नका. यूईएफआयचा पर्याय दिसतोय म्हणजे मशीन यूईएफआय, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या नव्या मोडमधेच आहे, त्यासाठी डिस्कची मांडणी बदलायची गरज पडणार नाही. आत गेल्यावर इंटेल पीटीटी शोधा, टीपीएमचंच इंटेलचं नाव ते, सिक्युरिटीत किंवा ॲडव्हान्समधे असतं, ते चालू करून एफ१० नं सेव्ह करा.

धागाकर्ता:
भाऊ, तेच निघालं! ती स्क्रीन मी सकाळी गिऱ्हाईक आल्यावरच चालू करतो, अन् बायोसचं काम रात्री करायलो होतो. आता चालू करून डिलीट दाबलं तर बायोस तिकडं, लोकांच्या बाजूला. माझी बायको तिकडं बसून वाचून दाखवायली अन् मी इकडून बाणाची बटणं दाबायलो, असं करून पीटीटी चालू केलं. टीपीएम २.० दिसायलंय आता. आज रात्री सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतो, विंडोज ११ रविवारी टाकतो, त्या दिवशी केंद्र बंद असतंय. लई उपकार झाले.